फोटोचा कागद घेताना: आधी शाई बघा, मग भिंत, चकाकी शेवटी

खानापूर तालुक्यातल्या जांबोटीला आत्याच्या माजघरात मामांचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा, फोटो लावला होता. तो मीच घरी छापलेला, आठ बाय दहा इंचाचा. दुकानातला सगळ्यात जाड आणि सगळ्यात चकचकीत कागद निवडून आणला होता. दुसऱ्या दिवशी वर्षश्राद्ध होतं, म्हणून प्रिंटरमधून निघाल्या निघाल्या फ्रेममध्ये घातला, काच लावली, मागून खिळे ठोकले. श्रावण संपता संपता आत्याचा फोन आला. "अगं, मामांच्या तोंडावर लाली चढल्यागत दिसायलंय बघ. आणि फोटो काचेला चिकटलाय काय की." जाऊन फ्रेम उघडली तर मामांच्या काळ्या कोटाची अर्धी बाही काचेवर आणि अर्धी कागदावर. आत्या काही बोलली नाही, चहा ठेवायला गेली.

तेव्हापासून मी कागदाच्या मागे लागले. मी शाळेत शिकवते, बेळगावच्या अनगोळात राहते. मुलांच्या अर्जांना लागणारे पासपोर्ट फोटो, स्नेहसंमेलन, शिवजयंतीचे चित्ररथ, घरातली बारशी, असं काही ना काही घरी छापणं सुरूच असतं. गल्लीत कुणी नवा प्रिंटर घेतला की विचारणा येते, "बाई, कागद कुठला घेऊ?" त्यावर मी आधी दोन उलट प्रश्न विचारते. प्रिंटरात शाई कुठली आहे, आणि फोटो जाणार कुठे? त्याच क्रमाने इथे लिहिते.

शाई ओळखा

घरच्या इंकजेट, म्हणजे पातळ शाईचे थेंब उडवणाऱ्या, प्रिंटरात दोन जातींच्या शाया येतात. पहिली डाय. तिच्यात रंग पाण्यात साखरेसारखा पूर्ण विरघळलेला असतो. दुसरी पिगमेंट. तिच्यात रंगाचे अतिबारीक कण तरंगत असतात, सारवलेल्या अंगणाला कड काढायला गेरू कालवतो तसे. डाय शाई कागदाच्या लेपात मुरते, त्यामुळे चकचकीत कागदावर रंग खुलून दिसतो. पिगमेंटचे कण वरच बसतात. ते उन्हाला आणि दमटपणाला जास्त दिवस तोंड देतात, पण कागद त्यांना धरून ठेवणारा हवा, नाहीतर बोटाला लागतात.

आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या टाकीवाल्या प्रिंटरांपैकी एप्सनच्या एल ३११० आणि एल ३२१० मध्ये चारही शाया डाय आहेत. एल ८०५० मध्ये सहा शाया आहेत, त्याही डायच. फिकट निळा आणि फिकट गुलाबी हे दोन रंग जादा असल्याने चेहऱ्यावरच्या हलक्या सावल्या तिथे मऊ उतरतात. कॅननच्या जी मालिकेतल्या चार टाक्यांच्या बऱ्याच प्रिंटरांत काळी पिगमेंट आणि रंगीत तिन्ही डाय अशी मिसळ असते. एचपीच्या स्मार्ट टँकमध्येही तसंच.

या मिसळीमुळे नवख्याची एक फजिती ठरलेली. चकचकीत कागद घातला आणि प्रिंटरला कागदाचा प्रकार म्हणून 'प्लेन पेपर' सांगितलं की प्रिंटर काळी पिगमेंट शाई ओततो. ती कागदावर तशीच बसून राहते आणि नवऱ्या मुलीच्या डोळ्यांतलं काजळ अंगठ्याने गालापर्यंत पसरतं. 'ग्लॉसी' सांगितलं तर तो काळी बाजूला ठेवतो आणि तीन रंग मिसळून काळा तयार करतो. तो काळा कधी थोडा तपकिरी वाटतो, पण पुसला जात नाही.

शाई कोणती आहे ते प्रिंटरच्या पुस्तिकेत सापडतं. बाहेरची स्वस्त शाई भरली असेल तर पुस्तिका विसरा आणि त्या बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा. फोटो इतकी इतकी वर्षं टिकतो असं जे कंपन्या सांगतात, ते त्यांची शाई आणि त्यांचा कागद अशा जोडीबद्दल असतं.

घरात लेझर प्रिंटर असेल तर इथेच थांबा. इंकजेटचा फोटो पेपर लेझरमध्ये कधीही घालू नका. लेझरमधला रूळ कागदावरची पूड वितळवण्यासाठी चांगलाच तापतो, आणि फोटो पेपरवरचं प्लास्टिक त्या रुळाला लपेटून बसतं. दुरुस्तीच्या खर्चात नवा इंकजेट येईल.

दुकानात मिळणारे कागद आणि त्यांची खरी नावं

बेळगावच्या बाजारात दुकानदार हसतमुखाने विचारतो, "ग्लॉसी बेका, मॅट बेका?" आपण म्हणतो ग्लॉसी, तो पाकीट देतो, विषय संपतो. खरा फरक त्या ग्लॉसीच्या पोटात आहे, कारण त्या एका नावाखाली दोन अगदी वेगळे कागद विकले जातात.

स्वस्त पाकिटांवर 'हाय ग्लॉसी' लिहिलेलं असतं, १३०, १८० किंवा २३० जीएसएम (हे कागदाचं वजन, हिशोब पुढे येतो). हा बहुतेक वेळा कास्ट कोटेड कागद. साध्या कागदावर ओला लेप देऊन तो आरशासारख्या गुळगुळीत, गरम रुळावर दाबून वाळवतात, त्यातून ती चमक येते. चमक एकाच अंगाला असते, मागचं अंग उघडा कागद. म्हणजे दमट हवा मागून आत शिरते. भरपूर शाई पडली की कागद लहरतो, आणि पावसाळ्यात तर पापडासारखा वाकतो. पासपोर्ट फोटो, शाळेचे प्रकल्प, रुखवतातल्या पाट्या, वाढदिवसाचा फलक यांना तो पुरेसा आहे. मी आजही याचंच मोठं पाकीट घरात ठेवते. मामांच्या फोटोलाही मी हाच वापरला होता, तिथे चुकलं.

दुसरा कागद आरसी, म्हणजे रेझिन कोटेड. यात मधल्या कागदाच्या दोन्ही अंगांना पॉलिथिनचा पातळ थर असतो आणि वरच्या अंगावर शाई शोषणारा सच्छिद्र थर. या थरात सिलिका किंवा ॲल्युमिनाची बारीक पूड असते आणि तिच्यामधल्या सूक्ष्म पोकळ्यांत शाई चटकन शिरते. त्यामुळे फोटो हातात येतो तोच कोरडा वाटतो. लॅबमधून धुऊन आणलेल्या फोटोसारखा स्पर्श लागतो तो याचाच. पाकिटावर बहुधा २६० किंवा २७० जीएसएम आणि 'आरसी' अशी अक्षरं असतात. भाव अर्थातच चढा.

पाकिटावर काही लिहिलेलं नसेल तर सरळ परीक्षा घ्या. मागच्या अंगावर पाण्याचा थेंब टाका. कास्ट कोटेडवर तो हळूहळू मुरतो, आरसीवर अळूच्या पानावरच्या थेंबासारखा उभा राहतो. किंवा कोपरा फाडून बघा, आरसी फाटताना कडेला प्लास्टिकची झिल्ली ताणलेली दिसते. दुकानदार नमुन्याचा एखादा कागद देतो, मागायला लाजायचं कशाला?

मॅट म्हणजे चमक नसलेला, पण लेप असलेला कागद. साध्या कागदापेक्षा तो शाई खूप नेटकी धरतो आणि पिगमेंट काळ्याशीही त्याचं जमतं. लस्टर, सॅटिन, सेमी ग्लॉस अशा नावांनी मिळतो तो आरसीच, फक्त वरचं अंग बारीक दाणेदार असतं. लग्नाच्या अल्बमची पानं आठवा. घरच्या फ्रेमसाठी माझा कौल यालाच, कारण पुढे येईल.

कापसाच्या लगद्याचा कलाकागदही असतो. जर्मनीतली हानेम्यूले ही १५८४ पासूनची गिरणी असा कागद करते, तिचा ३०८ जीएसएमचा फोटो रॅग नावाजलेला आहे. पिगमेंट शाईच्या मोठ्या प्रिंटरांचं ते काम. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका.

आता फसवे भाऊबंद. सब्लिमेशन पेपर हा मग आणि टी-शर्टवर चित्र उतरवण्यासाठी असतो, त्यावर फोटो छापला तर फिका आणि मेलेला दिसतो. आर्ट पेपर आणि आर्ट कार्ड हे छापखान्याचे कागद. याचा धडा मला फुकटात मिळाला, कारण कागदही फुकटचा होता. ओळखीच्या एका पत्रिकावाल्यांकडून ३०० जीएसएम आर्ट कार्डाचे उरलेले तुकडे आणले. काय जाडी, काय चमक! छापलं तर शाई रांगोळीवर पाणी सांडल्यागत वरच उभी राहिली. सकाळी बोट लावलं तरी ओली. त्या कार्डाचा लेप छापखान्याच्या तेलकट, घट्ट शाईसाठी असतो, आपली शाई पाण्यातली. पत्रिकावाले नंतर हसून म्हणाले, "विचारलं असतं तर सांगितलं असतं की."

जीएसएमचा हिशोब

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. जास्त जीएसएम म्हणजे चांगला रंग, असा एक समज आहे. वजनाने फक्त हाताला भरीवपणा लागतो. रंग ठरतो तो लेपावर. २६० चा आरसी आणि २३० चा कास्ट कोटेड यांत ३० ग्रॅमचा फरक दिसतो, पण जात वेगळी आहे.

आकडा खरा आहे का, ते मात्र घरी तपासता येतं. ए-झिरो कागद बरोबर एक चौरस मीटरचा असतो आणि ए-फोर त्याचा सोळावा भाग. म्हणून जीएसएमला १६ ने भागलं की ए-फोरच्या एका पानाचं वजन येतं. साधा ८० जीएसएमचा कागद ५ ग्रॅम. १८० चे वीस कागद २२५ ग्रॅम भरले पाहिजेत, २६० चे वीस ३२५ ग्रॅम. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. मी एकदा १८० म्हणून आणलेलं पाकीट तोललं ते जेमतेम २०० ग्रॅम भरलं. दुकान बदललं, भांडण केलं नाही.

पासपोर्ट फोटोंना १८० पुरतो. हातात घेऊन बघायच्या फोटोंना २३० च्या पुढे जा. फ्रेमला मागून पुठ्ठा असतोच, तिथे जाडीसाठी पैसे घालवू नका. तुमच्या प्रिंटरात कागद पुढच्या ट्रेमधून जात असेल तर आत तो उलटा वळून बाहेर येतो आणि जाड कागद त्या वळणावर अडतो. मागून सरळ घालायचा प्रिंटर असेल तर हा त्रास कमी. किती जाडीपर्यंत चालतं ते पुस्तिकेत दिलेलं असतं.

मापाचं एक गणित मुलांना वर्गात घालते ते तुम्हालाही घालते. ए-फोर म्हणजे २१० × २९७ मिलिमीटर. त्यातून ४×६ इंचाचे किती फोटो निघतील? बहुतेक जण चार म्हणतात. ४×६ म्हणजे सुमारे १०२ × १५२ मिलिमीटर, आणि १५२ दोनदा घेतले की ३०४ होतात. बसत नाहीत. वर दोन उभे, खाली एक आडवा, असे तीनच बसतात. खाली जी पट्टी उरते तिच्यात ३५ × ४५ मिलिमीटरचे चार पासपोर्ट फोटो आडवे बसतात. म्हणून ए-फोरचं पाकीट स्वस्त की ४×६ चं, हे ठरवताना ए-फोरच्या एका पानाच्या किमतीला तीनने भागा. कात्री चालवायचा कंटाळा असेल तर तोही हिशोबात धरा. फक्त पासपोर्टच हवे असतील तर एका ४×६ कागदावर आठ निघतात.

फोटो राहणार कुठे?

हातोहात फिरणार असेल, म्हणजे बारशाचा, सहलीचा, तर ग्लॉसी आरसी घ्या. काळा सगळ्यात गडद आणि रंग सगळ्यात उठावदार याच्यावरच दिसतात, कारण गुळगुळीत पृष्ठभागावर उजेड इकडेतिकडे पसरत नाही. बोटांचे ठसे उमटतात, तेवढं सोसायचं. चित्ररथाचे रात्रीचे फोटो, दिव्यांची रोषणाई, गुलाल, हे सगळं ग्लॉसीवरच शोभतं.

भिंतीवर जाणार असेल तर लस्टर. समोरच्या भिंतीवरची ट्यूब ग्लॉसी फोटोत अशी चमकते की आजोबांचा चेहरा बघायला मान वाकडी करावी लागते. त्यावर पुन्हा काच असली की बघायलाच नको.

जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोंना मॅट. आजी-आजोबांचे स्टुडिओत काढलेले फोटो मोबाइलवर टिपून पुन्हा छापायचे असतील तर मॅटवर ते सौम्य दिसतात. इथे एक युक्ती. चार रंगांच्या प्रिंटरवर काळा-पांढरा फोटो कधी हिरवट, कधी गुलाबी झाक घेऊन येतो. छापण्याआधी फोटोला थोडासा तपकिरी रंग चढवा. झाक लपते, आणि फोटो जुना म्हणून शोभतोही.

अल्बममध्ये जाणार असेल तर कागदापेक्षा अल्बम बघा. चिकट पानांवर वरून प्लास्टिक दाबायचे जुने अल्बम टाळा, तसंच उग्र वासाचे मऊ पीव्हीसीचे कप्पेही. पॉलिप्रॉपिलीनचे कप्पे बरे.

भिंतीसाठी घेताना कागदाचा पांढरेपणाही तपासा. दुधापेक्षा पांढरा, निळसर झाक मारणारा कागद दिसला की त्यात चमक वाढवणारं रसायन जास्त आहे असं समजा. नोटा तपासायचा जांभळा दिवा दुकानात असतोच, त्याखाली दोन कागद शेजारी धरा. जो निळा झगमगतो त्याच्यात ते जास्त. काही वर्षांनी त्याचा असर ओसरतो आणि कागद पिवळट दिसू लागतो. अर्जावरच्या फोटोला काही फरक पडत नाही, मामांच्या फोटोला पडतो.

आधी छोटी पाकिटं, मग एक परीक्षेचं पान

शंभराचं पाकीट स्वस्त पडतं म्हणून पहिल्याच दिवशी घेऊ नका. आरसी ग्लॉसी आणि लस्टर यांची वीस-वीसची पाकिटं आणा. मॅटचे चार-पाच सुटे कागद मिळाले तर उत्तम.

मग एकच पान तयार करा, त्यावर सहा छोटे फोटो. माझ्या पानावर आत्याचा उन्हातला चेहरा आहे, भाच्याचा सावलीतला चेहरा आहे, खानापूरकडचं भाद्रपदातलं भातशेत आहे, काळ्या चंद्रकळेतली आजी आहे, वारकऱ्याचं पांढरं धोतर आहे आणि सहावा एक राखाडी पट्टा, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत. तेच पान प्रत्येक कागदावर छापायचं. चंद्रकळेच्या चुण्या दिसतात की सगळा काळा गोळा होतो? धोतराच्या निऱ्या शिल्लक आहेत का? राखाडी पट्ट्यात मधेच हिरवा-गुलाबी डोकावतो का? सकाळी खिडकीत बघा, रात्री दिव्याखाली बघा, दोन्ही वेळा वेगळं दिसेल. चांगला कुठला ते घरातल्या माणसांनाही विचारा. माझी सासू चष्मा न लावता जो उचलते तो बहुधा बरोबर निघतो.

पुढची परीक्षा लांबची. तेच पान अर्धं काळ्या पुठ्ठ्याने झाकून उन्हाच्या खिडकीत दोन महिने चिकटवून ठेवा. माघात ठेवलं तर गुढीपाडव्याच्या सुमाराला कळतं. पुठ्ठा काढल्यावर मधे रेघ स्पष्ट दिसली तर ती शाई-कागदाची जोडी भिंतीची नाही.

छापताना

कागदाची छापायची बाजू ओळखा. मागे कंपनीचं नाव छापलेलं असेल तर प्रश्न नाही. नसेल तर बोट किंचित ओलं करून कोपऱ्याला दोन्हीकडून लावा, ज्या बाजूला चिकट लागतं ती छापायची. कागद कडेला धरा. कांदाभज्यांच्या हातांना प्रिंटरजवळ मज्जाव.

छापायला सांगताना पडद्यावर प्रिंटरची जी खिडकी उघडते, तिच्यात 'पेपर टाइप' नावाचा रकाना असतो. तो भरणं म्हणजे अर्धं काम. कागद किती शाई पिऊ शकतो हे प्रिंटरला स्वतःहून समजत नाही, तुम्ही सांगाल तेवढी तो ओततो. आरसी ग्लॉसीला 'प्रीमियम ग्लॉसी' किंवा 'फोटो पेपर ग्लॉसी', लस्टरला 'सेमी ग्लॉस' असेल तर ते, मॅटला 'मॅट'. दुसऱ्या कंपनीचा कागद असेल तर जवळचं नाव निवडा. शाई थबकून डबकी झाली तर एक पायरी कमी शाईचा प्रकार घेऊन बघा. मोबाइलवरून छापणाऱ्यांनी विशेष जपा, बरेचदा तिथे 'प्लेन पेपर' आधीपासून ठरलेला असतो आणि आपण दोष कागदाला देतो.

फोटो व्हॉट्सॲपवरून आला असेल तर तो आक्रसून आलेला असतो. पाठवणाऱ्याला सांगा, "डॉक्युमेंट म्हणून पाठव रे." ४×६ ला १२०० × १८०० पिक्सेल असले की इंचाला ३०० पडतात, तेवढे भरपूर झाले. पूर्ण ए-फोरला २४८० × ३५०८ लागतात. तेवढे नसतील तर फोटो लहान छापा. महागडा कागद धूसर फोटोला साफ करत नाही.

आणि मोबाइलचा उजेड निम्म्यावर आणून फोटो बघा. पडदा स्वतः उजळतो, कागद उजळत नाही. पूर्ण उजेडात छान दिसणारा फोटो कागदावर हमखास काळवंडतो.

जाड कागद एका वेळी एकच घाला. एवढं केलं की झालं.

आपला पाऊस

पाकिटावरच्या सूचना कोरड्या खोलीसाठी लिहिलेल्या असतात. कणकुंबी-जांबोटीला कोसळणारा पाऊस बेळगावात थोडा नरमतो आणि अथणीपर्यंत जाताना विरून जातो. एकाच जिल्ह्यात दोन हवा आहेत, सल्लाही दोन तऱ्हेचा हवा.

खानापूरकडे आणि बेळगाव शहरातही मृग लागला की कागद उघडा ठेवू नका. पाकिटातून एक काढा, तोंड बंद करा, पाकीट झिपच्या पिशवीत घालून लोखंडी कपाटात आडवं ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या चालतात. कुणी सांगेल तांदळाच्या डब्यात ठेव, तसलं काही करू नका, कोंड्याची पूड कागदावर बसते आणि तिथे पांढरे ठिपके उमटतात. प्रिंटरच्या ट्रेमध्ये कागद रात्रभर राहिला तर सकाळी तो वाकलेला असतो. वर आलेल्या कडा प्रिंटरच्या शाई सोडणाऱ्या हेडला घासतात आणि फोटोवर काळे ओरखडे येतात. पुष्यातल्या म्हाताऱ्या पावसात मी भिंतीचे फोटो छापतच नाही, दसऱ्यापर्यंत थांबते. दमट हवेत सच्छिद्र कागदावर डाय शाई हळूहळू सरकते, कडा पसरतात, रंग बदलतो. मामांच्या गालावरची लाली ती हीच.

अथणी, रायबागकडे अडचण उलटी. तिथे ऊन आणि धूळ. चैत्र-वैशाखात आरसी कागदाच्या कडा छापायच्या अंगाकडे वळतात, उलट दिशेने हलकेच वाकवून सपाट करा. छापण्याआधी कागदावरून मऊ ब्रश फिरवा. आणि पश्चिमेच्या भिंतीवर फोटो लावू नका.

ज्यांना या सगळ्यात पडायचंच नाही त्यांच्यासाठी कॅननच्या सेल्फी सीपी १५०० सारखा छोटा प्रिंटर असतो. त्यात शाई नसते. रंगाची फीत आणि कागद एकाच खोक्यात जोडीने येतात, पिवळा, किरमिजी, निळा आणि शेवटी पारदर्शक लेप अशा चार फेऱ्यांत फोटो होतो. पोस्टकार्डाएवढाच निघतो, पण कागद निवडायची कटकटच मिटते. आणि बारा बाय अठरा हवा असेल तर सरळ लॅब गाठा. निपाणी-चिकोडीकडच्यांना त्यासाठी कोल्हापूरही लांब नाही.

फ्रेम करताना

बोटाला कोरडा लागला तरी फोटोतून शाईतलं द्रव काही तास बाहेर पडत असतं. लगेच काच लावली तर काचेच्या आत धुकं धरतं. फोटोवर साधा कोरा कागद ठेवून एक अख्खा दिवस जाऊ द्या, पावसाळ्यात दोन.

काच आणि फोटो यांत फट हवीच. फ्रेमवाले पुठ्ठ्याची खिडकी कापून देतात, त्याला ते माउंट म्हणतात. तो आवर्जून सांगा, चार पैसे जास्त घेतील. काच मात्र लावाच. डाय शाईला उन्हासारखीच उघडी हवाही खाते, काचेमागे ती कमी लागते.

कौलारू घराच्या बाहेरच्या भिंतीला ओल येते. तिथे लावू नका, आतल्या भिंतीला लावा, आणि फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे काप चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळते. चूल आणि देवघराची समई यांच्यापासूनही लांब.

आत्याचा फोटो मी कार्तिकात पुन्हा छापला. लस्टर आरसी, दोन दिवस वाळवलेला, माउंट घातलेला. मागे नाव लिहायला पेन्सिल घेतली तर आरसीच्या प्लास्टिकवर ती उमटेना, आणि बॉलपेनने दाबून लिहिलं तर पुढे वळ उठतो. सीडीवर लिहायचा बारीक मार्कर घ्या, कडेला लिहा आणि वाळल्याशिवाय दुसऱ्या फोटोवर ठेवू नका. मी मामांचं नाव आणि साल मराठीत लिहिलं. आत्याने फोटो उलटा धरून बघितला आणि म्हणाली, "खाली कन्नडमध्येबी लिही की. नातू कन्नड शाळेत जातोय, त्याला वाचायला यायला पाहिजे."